मस्तकी लावलेला बोल्ट

ज्योतिराम लोहाराच्या उजव्या हातात देव आहे, असं हेळवाकच्या फाट्यावर सगळेच म्हणत. त्याचा साडू रंगराव तेवढा म्हणे, की देव हातात जाऊन बसलाय म्हणून तोंड राखायला कोणी उरलेलं नाही.

कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या अलीकडं ज्योतिरामाचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे आठ पत्रे, एक खड्डा आणि खड्ड्यात ज्योतिराम. पण माणसं भरून घाट उतरणारी वडापची जीप तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नसे. सपाटीवरच्या गाड्यांना तोवर ड्रायव्हर लागेनासा झाला होता. त्या शहाण्या गाड्या घाटात मात्र पहिल्याच वळणावर विचार करत उभ्या राहत, आणि मागच्या बाया त्यांना शिव्या देत चालत निघत. म्हणून घाटात अजून जुन्या जीपा आणि जुनी माणसं असाच कारभार होता.

अशा जीपचं पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं त्याला मिस्त्री लोक बॉल जॉइंट म्हणतात. तो सांधा एका नटबोल्टच्या भरवशावर असतो. नट सैल राहिला तर चाक एक दिवस मालकाला न विचारता निघून जातं. फाजील आवळला तर बोल्ट तुटतो, तोही न विचारता. मग आवळायचा किती? ज्योतिराम म्हणे, "झालं, बास असं म्हणेपर्यंत." कुणी म्हणायचं? तर हातानं. याहून जास्त विचारणाऱ्याला तो जीप ढकलायला लावी.

त्याच्या कामात एक लकब होती. बसवण्याआधी बोल्ट हातात धरून तो डोक्यावरून मागं, पुढं असा दोनदा फिरवायचा. वाकळ शिवताना बाया सुई केसांतून फिरवतात, तसाच. त्याच्या उस्तादाचीही हीच सवय होती. ज्योतिरामाचं डोकं म्हणजे काळंभोर जंगल, आणि त्यात रोज सकाळी त्याची बायको हौसाबाई वाटीभर खोबरेल जिरवायची. लग्नानंतर चौतीस वर्षांत तिचा हा नेम चुकला नव्हता. आपण बोल्ट डोक्यावरून फिरवतो हे ज्योतिरामाला कुणी सांगितलं असतं, तर त्यानं ते साफ नाकारलं असतं. माणूस श्वास घेतो तेव्हा त्याची नोंद ठेवतो का?

मग कायदा आला. गाड्यांचे अपघात वाढले, की कायदा येतोच. या कायद्यानं सांगितलं, की स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचा एकही नट यापुढं नुसत्या हातानं आवळायचा नाही. त्यासाठी 'साक्षी पाना' निघाला. पाना गाडीचा नंबर वाचायचा, राज्याच्या मोठ्या नोंदवहीला विचारायचा, या गाडीच्या या नटाला टॉर्क किती, आणि तेवढा पीळ बसला की मूठ सैल सोडून मान टाकायचा. मग कितीही जोर लावा, त्या पान्यानं नट पुढं सरकायचा नाही. वेळ, आकडा आणि मिस्त्रीचा अंगठा नोंदवहीत जायचा आणि नटावर सील बसायचं.

नव्या गाड्यांचे आकडे कंपन्यांनी दिले. वडापच्या जीपा बनवणारी कंपनी मात्र वीस वर्षांपूर्वी बुडाली होती आणि तिची कागदपत्रं कुणाच्या तरी वखारीत उंदरांनी वाचून संपवली होती. तेव्हा पुण्याहून निनाद देवस्थळी नावाचे तरुण इंजिनिअर ज्योतिरामाच्या खड्ड्याशी येऊन उभे राहिले. आकडा कागदावर नसेल तर हातातून काढायचा, ही त्यांची कल्पना.

देवस्थळी माणूस सज्जन होता. त्यानं खड्ड्यात उतरून, पँट खराब करून घेऊन, ज्योतिरामाला शास्त्र समजावलं. बोल्ट म्हणजे एक फार ताठ स्प्रिंग. नट फिरवला की बोल्ट केसभर ताणला जातो, परत आखडायला बघतो, आणि त्या ओढीनं सांधा धरून ठेवतो. आपल्याला हवा असतो हा ताण. पण तो दिसत नाही, म्हणून आपण पीळ मोजतो.

"आणि गंमत अशी काका, की तुम्ही शंभराचा जोर लावलात, तर त्यातला नव्वदाचा जोर नुसता घासण्यात मरतो. बोल्टचे आटे नटाच्या आट्यांवर घासतात, नट खालच्या लोखंडावर घासतो. दहाचा जोर काय तो बोल्ट ताणतो."

"म्हणजे आमच्या साडूसारखं," ज्योतिराम म्हणाला. "नव्वद बोलणं, दहा काम."

देवस्थळी हसले. ते घासणं कमीजास्त झालं तर काय होतं, हे त्या हसण्यात विचारायचं राहिलं.

तीन आठवडे ज्योतिरामानं हातात तारांचा मोजा घालून दोनशे चौदा नट आवळले. मोज्यानं प्रत्येक नटाचा पीळ टिपला आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा आकडे इतके जवळ आले, की देवस्थळींना मोजा बिघडल्याचा संशय आला. खालच्या बॉल जॉइंटचा आकडा ठरला एकशे चार. प्रत्येक नट झाला, की ज्योतिराम पुटपुटायचा, "झालं, बास." ते देवस्थळींना इतकं आवडलं, की त्यांनी ते त्याच्या आवाजात पान्यातच भरलं.

अहवालात एक सांस्कृतिक टिपणही होतं. देवस्थळी निरीक्षणाला पक्के. त्यांनी लिहिलं : 'कारागीर प्रत्येक बोल्ट बसवण्यापूर्वी तो मस्तकी लावून वंदन करतो. लोखंडाविषयीचा हा पिढीजात पूज्यभाव हृद्य आहे.'

कऱ्हाडला समारंभ झाला. ज्योतिरामाला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक साक्षी पाना मिळाला. आपल्याच आवाजात बोलणारं अवजार हातात घेताना तो लाजला. त्यानंतर राज्यभरात चाळीस हजार पाने वाटले गेले आणि मिस्त्र्यांना प्रशिक्षण सुरू झालं. भिंतीवरच्या तक्त्यात पहिली पायरी होती, आटे द्रावणानं धुऊन कोरडे करणे. चौथी पायरी होती मस्तकवंदन.

रंगरावाला हे सगळं फार लागलं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, हौसा थोरली, शेवंता धाकटी. सासऱ्याच्या पंगतीत पाटावर आधी कोण बसणार, यावरून तीस वर्षं चाललेला वाद आता सरकारनं शाल घालून मिटवला होता. त्यात रंगरावाची वडापची जीप ज्योतिरामाकडं यायची तेव्हा नट कमी आणि टोमणे जास्त आवळले जायचे. म्हणून कऱ्हाडला थंडगार हवेचं सर्व्हिस सेंटर निघालं तेव्हा रंगरावानं जीप तिकडं नेली. येताना गॅरेजसमोर मुद्दाम हॉर्न वाजवून सांगून गेला, "तिकडंबी तुझाच हात हाय, साडू. वर एसी. आन् तोंड न्हाई."

ज्योतिराम आठ दिवस जेवताना गप्प होता.

मग तक्रारी यायला लागल्या. कुणाचं चाक खडखडतंय, कुणाचा नट महिन्यात पाव फेरा सैल झालाय. सगळे बाहेरच्या सेंटरांत जाऊन आलेले. ज्योतिरामाच्या खड्ड्यातून निघालेल्या गाड्या, त्याच पान्यानं, त्याच आकड्यावर आवळलेल्या, ठणठणीत होत्या. ज्योतिरामानं याचा सरळ अर्थ काढला : आकडा आपला, पण हात त्यांचे. "जावा एसीत," तो ड्रायव्हरांना म्हणे आणि चहा सांगे. पाटणकडं त्याच बुडालेल्या कंपनीचा दुधाचा टेंपो उलटून क्लीनर गेला, तेव्हाही त्यानं हळहळून झाल्यावर मनातल्या मनात रंगरावाला ऐकवण्यासाठी एक वाक्य जुळवून ठेवलं. दोन महिने तो फार सुखात होता.

ते वाक्य वापरायची वेळ एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला आली. रंगरावाची जीप चिपळूणची अकरा माणसं भरून समोरून गेली आणि ज्योतिरामाला पुढच्या डाव्या चाकात बारीक 'खट' ऐकू आलं. तो खड्ड्यातून वर येऊन रस्त्यात उभा राहिला. रंगराव थांबला, कारण त्यालाही दोन दिवस ते ऐकू येत होतं आणि साडूशिवाय कुणाला विचारायचं हे कळत नव्हतं. अर्थात तो म्हणाला, की पाणी पिण्यासाठी थांबलो.

ज्योतिराम खाली शिरला. नटाला बोटानं शिवला आणि जुळवलेलं वाक्य विसरला. नट बोटानं फिरत होता. सील तोडून नट काढणं हा गुन्हा होता. ज्या सेंटरनं सील लावलं त्यानंच ते उघडायचं. त्यानं ते तोडलं आणि बोल्ट बाहेर ओढला. बोल्ट पितळी भांड्यासारखा लख्ख होता, आणि हाडासारखा कोरडा.

"हे धुतलं कुणी?" त्यानं खालूनच विचारलं.

रंगराव उत्साहानं सांगू लागला. तिथली पोरं टाय लावतात, बोल्ट औषधात धुतात, कापडानं पुसतात, आणि मग तुझ्यासारखं करतात, डोळे मिटून, देव्हाऱ्यातला टाक कपाळाला लावावा तसा बोल्ट कपाळाला लावतात. "लई भक्तीनं करत्यात, लेका. तू तर नुसता डोक्यावर घासतोस, धसमुसळ्यासारखा."



ज्योतिरामाचा रिकामा हात हळूहळू डोक्याकडं गेला. बोटं तेलकट झाली. ती त्यानं डोळ्यांसमोर धरली. नव्वद घासण्यात मरतो, देवस्थळी म्हणाले होते. तेल लावल्यावर नव्वद मरत नसतो. त्याच्या तेलकट आट्यांना एकशे चारात जो ताण मिळत होता, तो कोरड्या आट्यांना एकशे चारात पाऊणसुद्धा मिळत नव्हता. चाळीस हजार पाने, आणि प्रत्येक पाना त्याच्याच आवाजात पाऊण कामावर झालं बास म्हणत होता.

त्यानं तो बोल्ट डोक्यावरून फिरवला, चौतीस वर्षांत पहिल्यांदा समजून उमजून. साक्षी पाना बाजूला ठेवला, उस्तादाचा मुका पाना घेतला, आणि हात म्हणेपर्यंत आवळला. दोन दिवस खटखटून सांधा झिजला होता, तो आता पुऱ्या ताणावरच टिकणार होता. बाहेर येऊन रंगरावाला म्हणाला, की आता जा, आणि संध्याकाळी येऊन बाकीचे सगळे नट उघडायला दे. रंगरावानं विचारलं, सेंटरवाल्यांची चूक ना? ज्योतिरामाला हो म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. तो म्हणाला, "माझी."

रंगरावानं तीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तो हसला नाही. तंबाखूची पुडी पुढं केली.

घाटाच्या तोंडाशी, गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर, तपासणी नाका होता. त्याच्या कमानीखालून गाडी गेली, की प्रत्येक नटाची साक्ष वाचली जायची. रंगरावाच्या जीपला कमान लाल झाली. नाक्यावरचा मुलगा अदबीनं बोलणारा होता. डाव्या बॉल जॉइंटचं सील तुटलेलं आहे, नट साक्षीविना आवळलेला आहे, अशी गाडी घाटात सोडता येत नाही, पण काळजी करू नका, आमच्याकडं सगळी सोय आहे, असं म्हणून त्यानं अवजारं मागवली.

ज्योतिराम हे लांबून बघून पळत आला. तो पोचला तेव्हा बोल्ट बाहेर निघाला होता. त्यानं मुलाला सांगितलं, की तो धुऊ नको. मुलानं सांगितलं, की तेलाचा अंश दिसतोय, म्हणजे धुवायलाच हवा, नियम आहे. ज्योतिरामानं सांगितलं, की आकडा चुकलाय, तो माझा आहे, मीच तो. मुलानं त्याला ओळखलं. त्याला फार आनंद झाला. प्रशिक्षणात तुमचा फोटो होता म्हणाला, आणि वाकून पाया पडला. मग त्यानं बोल्ट धुतला, पुसला, कपाळाला लावला आणि बसवला. पाना टकटकत गेला आणि मान टाकून ज्योतिरामाच्या आवाजात म्हणाला, "झालं, बास."

जीपमधल्या बायांना हसू आलं. एकीला चिपळूणला दवाखान्याची वेळ गाठायची होती, ती म्हणाली, चला आता.

"रंगा, खाली उतर," ज्योतिराम म्हणाला. "माझं ऐक."

रंगराव स्टिअरिंगवर बसून त्याच्याकडं बघत होता. मघाचं ते 'माझी' अजून त्याच्या मनात असावं, कारण तो नेहमीपेक्षा प्रेमानं बोलला. "इकडं तू म्हनतोस सैल हाय. तिकडं तूच म्हनतोस झालं बास. दोघांतला माझा साडू कोण, ते संध्याकाळी ठरवू."

कमान हिरवी झाली. जीप गेली.

चौथ्या वळणावर डावं चाक एकटंच वळणानं गेलं. जीप सरळ गेली आणि खाली एका जांभळीला अडकली, म्हणून मागची नऊ माणसं वाचली. पुढच्या बाकावरची तिघं गेली, त्यात रंगराव होता. दवाखान्याची वेळ गाठणारी बाई वाचली आणि तिला दवाखान्यात वेळेवरच पोचवण्यात आलं.

रंगरावाला मूलबाळ नव्हतं. भाऊबंद लांबचे, त्यांच्या वाटेकडं किती बघणार. शेवंता म्हणाली, दाजींनी अग्नी द्यावा. ज्योतिरामानं दिला. न्हाव्यानं त्याचं डोकं तासलं, आणि ते काळंभोर जंगल ओल्या गठ्ठ्यांनी नदीकाठी पडलं. दुसऱ्या दिवशी हौसाबाई सवयीनं वाटी घेऊन मागं येऊन उभी राहिली. तिथं तिला एक निळसर गोटा दिसला. सुतकात तेल नसतं हेही तिला तेव्हाच आठवलं. ती वाटी घेऊन परत आत गेली.

आठव्या दिवशी समिती आली. ज्योतिरामानं तक्रार केली होती म्हणून हे लोक तातडीनं आले, यात शासनाला दोष देता येणार नाही. तीन माणसं होती. मधले देवस्थळी, आता सहसंचालक. परीक्षेसाठी त्यांनी रस्त्यावरची एक वडापची जीप थांबवून खड्ड्यावर घेतली. तिची माणसं चिंचेखाली बसली.

ज्योतिरामानं सगळं सांगितलं, उस्ताद, खोबरेल, केस, घासणं. समितीतले वयस्कर गृहस्थ सहानुभूतीनं ऐकत होते. ते म्हणाले, आपण हात पुन्हा मोजू, मूळ मोजणी जशी झाली अगदी तशीच. मोजा चढवला गेला. बोल्ट धुतला, पुसला आणि हातात दिला. ज्योतिरामाचा हात सवयीनं डोक्यावर गेला आणि बोल्ट दोनदा कोरड्या टकलावरून फिरला. मग त्यानं आवळलं. हाताला खोटं बोलता येत नव्हतं. आटे घासत होते तोवर हात पुढं गेला आणि ताण बरोबर बसला तिथं थांबला. आकडा आला एकशे एकोणचाळीस. पाच वेळा केलं. पाचही वेळा तो एकशे सदतीस ते एकशे एक्केचाळीसच्या मध्ये राहिला.

"हाच," ज्योतिराम म्हणाला. "कोरड्याला हाच आकडा. हा लिवा."

वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढला. ते म्हणाले, सहा महिन्यांत हातात तेहेतीस टक्क्यांचा फरक. वय आहे, दुःख आहे.

ज्योतिराम म्हणाला, तेल लावून बघा, एकशे चार येईल, तुमच्यासमोर दावतो. हौसाबाई दाराआडून ऐकत होती. ती वाटी घेऊन बाहेर आली आणि सुतक असताना तिनं ती समितीच्या कागदांशेजारी ठेवली. गृहस्थांनी मूळ अहवाल उघडला. त्यात तेलाचा उल्लेख नव्हता. वंदनाचा होता, आणि ते वंदन आत्ता पाचही वेळा व्यवस्थित झालं होतं. परीक्षेत बाहेरचा पदार्थ वापरता येत नाही, असं त्यांनी हौसाबाईला समजावून सांगितलं.

 देवस्थळी वाटीकडं बघत होते. मग त्यांनी ज्योतिरामाच्या तासलेल्या डोक्याकडं बघितलं, आणि मग अहवालातल्या फोटोकडं, ज्यात तेच डोकं ओल्या करवंटीसारखं चमकत होतं. आपलं ते वंदनाचं वाक्य त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मान वर केली तेव्हा ज्योतिराम त्यांच्याकडेच बघत होता आणि त्याला दिसलं, की यांना कळलं.

"साहेब," ज्योतिराम म्हणाला, "नव्वद घासण्यात मरतो, तुम्हीच म्हनला हुता."

देवस्थळींनी ओठ ओले केले. दुधाच्या टेंपोचा क्लीनर, जीपमधली तिघं, आणि अजून गावोगावचे कोण कोण, या सगळ्यांची नावं त्या एका हृद्य वाक्यामागं उभी होती.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता विश्रांती घ्या."

मग त्यांनी लिहिलं. कारागिराच्या हातात वयपरत्वे आणि शोकामुळे लक्षणीय विचलन आढळते. मूळ मोजणी हात सुस्थितीत असतानाची असल्याने तीच ग्राह्य. रंगरावाच्या जीपबाबत : सील बेकायदा तोडून नट पुन्हा उघडल्याने आट्यांना इजा झाली असावी. कारागिरानं यापुढं कोणत्याही वाहनाच्या नटास हात लावू नये. खाली सही केली. अक्षर चांगलं होतं.

थांबवलेली जीप तशीच सोडता येणार नव्हती. ज्योतिरामाचा एकशे एकोणचाळीसचा नट देवस्थळींनी स्वतः खाली उतरून काढला. सहसंचालकाला न शोभणाऱ्या नीटनेटकेपणानं ते काम करत होते. बोल्ट धुतला. पुसला. क्षणभर तो त्यांच्या हातात राहिला, आणि वाटी तीन हातांवर होती. समितीतले बाकीचे दोघं वरून बघत होते. त्यांनी बोल्ट कपाळाला लावला.

पाना टकटकत गेला, मान टाकली आणि म्हणाला, "झालं, बास."

चिंचेखालची माणसं उठून जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं ज्योतिरामाला लांबूनच हात केला. जीप घाटाकडं लागली. ज्योतिराम तोंड उघडून उभा होता. त्याच्या वतीनं बोलायला आता चाळीस हजार पाने होते.